नेरळच्या पलीकडे

आमच्या घरात एक ठराव आहे. कागदावर नाही, पण २०२२ च्या नोव्हेंबरात तो फॅमिली ग्रुपवर सर्वानुमते मंजूर झाला आणि त्याखाली धडाधड अंगठे उमटले. ठराव असा, की बरोबर कोणी तरुण माणूस असल्याशिवाय आई-बाबांनी नेरळच्या पलीकडे जाऊ नये. टिटवाळ्याच्या गणपतीला हरकत नाही, अंबरनाथच्या शिवमंदिराला हरकत नाही. "सर्वानुमते" म्हणायचं एवढंच, ज्या दोघांबद्दल ठराव होता त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनी चुकून अंगठा दाबला तो वेगळाच. त्यांना वाटलं, नातवाच्या बक्षिसाचा फोटो आहे.

मी हा ठराव मुकाट्याने पाळला. चूक आमची होती, शिवाय मुलगा त्या रात्री खरोखर घाबरला होता. पण आता परिस्थितीत एक बदल झाला आहे (तो शेवटी सांगते), आणि त्यानिमित्ताने मला या ठरावावर माझं म्हणणं मांडायचं आहे. तेव्हा ठाण्याच्या आणि पुण्याच्या मंडळींनी हे शेवटपर्यंत वाचावं. मधली पानं गाळू नयेत. तुम्ही दोघं अभ्यासातही तेच करत होता.

आधी घडलं काय ते सांगते, कारण नातेवाइकांत त्या गोष्टीच्या आता चार-पाच आवृत्त्या झाल्या आहेत. एका आवृत्तीत आम्ही दरीत पडलो होतो.

२२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळ-माथेरान गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले तेव्हापासून नेरळहून वर जाणारी गाडी बंदच होती, वरच्या वर अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी चालायची. या गाडीचं नशीबच असं आहे. २००५ च्या प्रलयात मार्ग उद्ध्वस्त झाला, तो २००७ ला, म्हणजे गाडीच्या शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ ला सुरू, २०१९ ला परत बंद. शंभर वर्षांपूर्वीचं दोन फुटांचं रूळ, एकवीस किलोमीटरची वळणं, आणि डोंगर तर दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येतोच.

माथेरान म्हणजे तसं आपल्या ठाण्याचंच लेकरू बरं का. आता ते रायगड जिल्ह्यात आहे, पण १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून वर गेले आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. (तिथल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतंच. पण "शोध लावला" असं पुस्तकात छापायला साहेब लागतो. मी पस्तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून आता कंसात बोलून घेते.) गाडी मात्र आपल्या माणसाने आणली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०७ मध्ये ती सुरू केली, आणि पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे.

या गाडीत बसायचं हे खरं तर आमच्या जाऊबाईंचं ठरलेलं होतं. त्या कल्याणला राहायच्या. लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या आणि बघायच्या राहिल्या होत्या. मुंबईची माणसं माथेरानला एकतर पाच वेळा जातात नाहीतर जातच नाहीत, त्यातल्या त्या दुसऱ्या. २०१८ ला गाडी सुरू झाली तेव्हा त्यांच्या नातीची बारावी होती. २०१९ च्या दिवाळीत जायचं ठरवलं तर ऑगस्टमध्ये रूळच वाहून गेले. "गाडी सुरू झाली की जाऊ, पळतंय का माथेरान," असं त्या म्हणाल्या. माथेरान कुठे पळालं नाही. २०२१ च्या एप्रिलात दुसऱ्या लाटेत जाऊबाई गेल्या. अंत्यदर्शनसुद्धा मिळालं नाही.

तेव्हा गाडी सुरू झाल्याची बातमी पेपरात आली त्या दिवशी ह्यांनी ती कापून ठेवली आणि मला एवढंच म्हणाले, "वहिनीच्या नावाने जाऊन येऊ." म्हणून गेलो. हे मुलांना आम्ही त्या वेळी सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे.

मंगळवारी निघालो. पहिला घोळ डोंबिवलीलाच झाला. मी माझा फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावून विसरले. पत्रीपूल मागे गेल्यावर आठवण झाली. हे म्हणाले, माझा आहे ना. दुसरा घोळ नेरळला. वर जाणाऱ्या गाड्या मोजक्या, डबे चिमुकले आणि आम्ही पोचलो आरामात, कारण मधली एक लोकल ह्यांनी "खिडकी मिळणार नाही" म्हणून सोडली होती. आमच्यापुढे पाच माणसं राहिली असताना तिकिटं संपली. गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघाली. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत हे फलाटावर उभे होते, पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस आणि चेहरा पाचवीतल्या मुलासारखा. मी काही बोलले नाही. लग्नाला तेव्हा पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती, कधी बोलायचं नाही हे कळतं.

मग टॅक्सीने दस्तुरीला आलो. तिथून पुढे गाड्यांना बंदी. अमन लॉजला शटलची तिकिटं मिळाली आणि एकवीसपैकी तीनएक किलोमीटर का होईना, गाडीत बसलो. ह्यांनी खिडकीशी जाऊबाईंची जागा ठेवली, म्हणजे पिशवी ठेवली. एका बाईंनी विचारलं, "इथे कोणी आहे का?" हे म्हणाले, "आहे." बाई उभ्या राहिल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण पिशवी काही मी उचलली नाही.

वर गेल्यावर तीच पिशवी माकडांनी पळवली. आत दशम्या आणि लसणाची चटणी होती. दशम्या माकडाने खाल्ल्या, चटणीचा डबा उघडून वास घेतला आणि आमच्याच दिशेने भिरकावला. आसपासची पोरं खूप हसली, आम्हीही हसलो. जाऊबाई असत्या तर त्यांनी माकडाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

दुपारी शार्लोट लेकवर गेलो. पलीकडे पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे जाऊबाईंच्या नावाने नारळ ठेवला. माथेरानची ती लाल माती, वर आलेली मुळं, उन्हाचे तुकडे, सगळं बघत यावं आणि पायाखाली बघू नये असंच आहे. येताना मुळात अडकून ह्यांचा पाय मुरगळला. पडले नाहीत, दरी तर जवळपासही नव्हती. पण घोटा सुजला. बाजारापर्यंत यायला पाऊण तास लागला.

तरी काही बिघडलं नव्हतं. परतीच्या शटलची वेळ ह्यांनी पेपरातून चिठ्ठीवर लिहून आणली होती. चिठ्ठीत मला "५" दिसला, ह्यांना "६" दिसला. अक्षर त्यांचं, म्हणून वाचनही त्यांचंच खरं धरलं. आरामात चहा घेतला, चिक्की घेतली, स्टेशनवर गेलो तर सामसूम. तो "५" च होता. मी आयुष्यभर मुलांचे पाच-सहा घोटवून घेतले आणि घरात हे!

नोव्हेंबरातली संध्याकाळ, अंधार लवकर पडतो. दस्तुरीपर्यंत चालणं ह्यांना शक्य नव्हतं. घोड्यावर बसायला ते तयार नव्हते. राहिली हातरिक्षा.

इथे मला थोडं थांबायचं आहे. एक माणूस पुढे ओढतो, दोघं मागून धरतात किंवा ढकलतात, आणि आत माणूस बसतो. ह्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, माणसाने माणसाला ओढायचं म्हणजे काय, मी इथे बाकावर रात्र काढीन. पुढचा रिक्षावाला पन्नाशी उलटलेला असावा. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आजोबा, सकाळपासून एकच फेरी झालीय. तुमी तत्त्वाचं घरी जाऊन बोला." आम्ही दोघं गप्प झालो. हे बसले. मी मागून चालत होते. रस्ताभर ह्यांनी खाली मान घातली होती, आणि उतारावर ती तीन माणसं पाय रोवून रिक्षा धरत होती तेव्हा त्यांचे श्वास मला ऐकू येत होते. पायथ्याच्या वाडीतून रोज चालत वर येतो, असं त्यातला एक जण म्हणाला. ठरलेल्या भाड्यावर ह्यांनी जास्त पैसे दिले. ते त्याने घेतले, पण त्याने आमचं काही हलकं झालं नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या माणसांना ई-रिक्षा द्या. मी ती बातमी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. निकाल योग्यच आहे. तो पंच्याहत्तर वर्षं आधी यायला हवा होता. पण मला त्या बातमीत त्या एका माणसाचा चेहरा दिसत होता, आणि "त्यांना ई-रिक्षा द्या" या भागाकडे माझं जास्त लक्ष होतं.

मुद्द्यावर येते. दस्तुरीहून टॅक्सी, नेरळहून लोकल. ह्यांचा फोन केव्हाच बंद पडला होता, कारण दिवसभर फोटो आणि संध्याकाळी बॅटरी म्हणून वापर. घरी आम्ही "सातपर्यंत येतो" म्हटलं होतं. सात वाजल्यापासून मुलगा फोन करत होता. माझा फोन डोंबिवलीच्या ओट्यावर वाजत होता आणि शेजारच्यांना भिंतीतून ऐकू येत होता. साडेआठला त्याने बदलापूरच्या भाच्याला फलाटावर उभं केलं. भाचा गुणी. प्रत्येक लोकलच्या प्रत्येक डब्यात डोकावत होता. बायकांच्या डब्यात डोकावला तेव्हा त्याने काय काय ऐकून घेतलं ते त्याने मला नंतर सांगितलं, इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही ज्या गाडीत होतो ती त्याच्यासमोर थांबली आणि गेली. त्याला आम्ही दिसलो नाही, आम्हाला तो दिसला नाही. दहा वाजता घरी पोचलो. दारात मुलगा उभा होता, ठाण्याहून आलेला. काही बोलला नाही. बाबांचा बूट काढला, घोटा बघितला आणि बर्फ आणायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी ठराव.

आता माझं म्हणणं. पहिलं म्हणजे, मुलाच्या काळजीला मी हसत नाही. वाट बघणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. २६ जुलै २००५ ला हाच मुलगा विक्रोळीच्या ऑफिसात होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, फोन बंद, आणि इकडे उल्हास नदी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरलेली. मी रात्रभर खिडकीत बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रुळांवरून चालत आला, पायाचे तळवे सोलवटलेले. दोन दिवस झोपला आणि गाड्या सुरू झाल्याबरोबर पुन्हा ऑफिसला गेला. मी डबा भरून दिला. तेव्हा मी ठराव केला नव्हता, की बरोबर आई असल्याशिवाय मुलुंडच्या पलीकडे जायचं नाही. मनात आला नव्हता असं नाही.

तुम्ही म्हणाल, ती नोकरी होती, ही मौज. नोकरीसाठी धोका पत्करायचा तर तो कर्तव्य, आणि मौजेसाठी पत्करायचा तर तो हट्ट, असं आपण सगळेच धरून चालतो. तरुणांची मौज तरी आपण "विकेंड आहे, फ्रेश होऊन येतील" म्हणून समजून घेतो. म्हाताऱ्यांची मौज ही मात्र गरज म्हणून कुणी धरत नाही. "आता या वयात काय बघायचंय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला वाईट हेतू नसतो, पण त्याने एकदा स्वतःला तो लावून बघावा.

दुसरी गोष्ट शाळेतली. १९८४ साल असेल. सातवीच्या बेचाळीस मुलांना घेऊन आम्ही तिघी बाई कार्ल्याची लेणी दाखवायला निघालो. गाडी कर्जतला थांबली. घाट चढायला मागे इंजिनं लावतात, म्हणून तिथे गाडी जरा जास्त थांबते, आणि म्हणूनच तिथले वडे प्रसिद्ध. मी मुलांना मोठ्या हौसेने सांगितलं, की कर्जतचा वडा खाल्ल्याशिवाय घाट चढायचा नसतो. लोणावळ्याला उतरून मोजली तर मुलं एकेचाळीस! तीनदा मोजली. माझ्या पोटात जो गोळा आला तो मला आजही आठवतो. दोन तासांनी पुढच्या गाडीने, गार्डाच्या डब्यातून, आमचा वीर उतरला. हातात वर्तमानपत्राचा पुडा. म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी दोन ठेवलेत." आधी थोबाडीत द्यावी की जवळ घ्यावं ते कळेना. जवळच घेतलं. वडे गार झाले होते, पण खाल्ले.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. पालकांची सभा झाली, शाळेने पुढची तीन वर्षं रेल्वेच्या सहली बंद केल्या. मी गप्प बसले, कारण चूक माझी होती. त्या तीन वर्षांत सातवीच्या तीन तुकड्या पुस्तकातला चैत्याचा फोटो बघून पुढे गेल्या. ती लाकडी कमानींची छत, ते खांबांवरचे हत्ती त्यांनी पाहिलेच नाहीत. हरवलेल्या एका मुलाची गोष्ट पंचवीस वर्षं शाळेत सांगितली गेली. न गेलेल्या शंभर-सव्वाशे मुलांची गोष्ट नव्हतीच, ती सांगणार कोण? बंदी घालणाऱ्याचं हे फार सोयीचं असतं. त्याने काय वाचवलं ते सगळ्यांना दिसतं, त्याच्यामुळे काय गेलं ते कुणालाच दिसत नाही. जाऊबाईंची माथेरानची सहल अशीच. ती झाली नाही, म्हणून तिचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही.

मुलगी म्हणते, "आई, पण पेपर वाचतेस ना?" वाचते. आणि मी काही आंधळी नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती एकमेकांना घट्ट धरून उभी होती, ते चित्र मला पुन्हा बघवलं नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. आपल्या बदलापूरजवळचं कोंडेश्वरही दर पावसाळ्यात कुणाला ना कुणाला घेतंच. याला मी सहलीतले घोळ म्हणत नाही. पिशवी माकडाने नेणं हा घोळ. पाणी वर कुठे पडलंय हे न बघता खाली पाण्यात उतरणं हे वेगळं आहे. शिकवताना मी दोन्ही चुकांवर लाल शाई वापरत असे, पण गुण वेगळे कापत असे.

आणि एक बारकाईने बघा. अशा जागी जे जातात ते बहुतेक कोण असतात? धडधाकट, चाळिशीच्या आतले, गाडी घेऊन आलेले. ठरावातलं ते "बरोबर कोणी तरुण" या कामाला उपयोगाचं नाही. उलट आमच्या वयाची माणसं पाण्याच्या कडेला बाकड्यावर बसून "अरे, पुढे जाऊ नको" म्हणत असतात, आणि त्यांचं कुणी ऐकत नाही.

काही वेळा तर कुणाचीच चूक नसते. २७ जुलै २०१९ च्या पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर प्रवासी, चारी बाजूंना उल्हास नदीचं पाणी. आरक्षण करून, तिकीट काढून, रात्री बर्थवर झोपलेली माणसं सकाळी उठून बघतात तर तळं! एनडीआरएफच्या बोटी, नौदल, आसपासचे गावकरी, सगळे धावले आणि दुपारपर्यंत सगळी माणसं सुखरूप बाहेर काढली. त्यात म्हातारे होते, गरोदर बायका होत्या. त्या गाडीत प्रत्येकाबरोबर एकेक तरुण बसवला असता तर बोटी जास्त लागल्या असत्या, एवढाच फरक.

म्हणून मी आमच्या चुका वेगळ्या काढल्या. फोन विसरला, ही चूक. एक फोन दिवसभर फोटोंना वापरला, ही चूक. चिठ्ठीतला आकडा दोघांनी वेगवेगळा वाचला आणि कुणाला विचारलं नाही, ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिला कारण वय नाही, ह्यांचं अक्षर आहे. ते कॉलेजातही असंच होतं. "सातपर्यंत येतो" असं तोंडाने सांगितलं, पण कुठे जातो, कुठल्या गाडीने येतो, हे कुठेच लिहून ठेवलं नाही. मुलांना सहलीला नेताना पालकांना आम्ही चिठ्ठी देत होतो. त्यात निघायची वेळ, परत यायची वेळ, कोण कोण बाई बरोबर, सगळं असायचं. आता मुलं पालकांच्या जागी आहेत, तर त्यांना चिठ्ठी मिळायला हवी होती. हे मी कबूल करते.

मुरगळलेला पाय मात्र मी चुकीत धरत नाही. तो घरात मोरीतही मुरगळला असता. मागच्या वर्षी मुरगळलाच.

तर आता तो बदल. आमच्या ह्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आम्हा दोघांचं मिळून अर्धं तिकीट! ह्यांनी हा हिशेब मला तीन वेळा करून दाखवला, फळ्यावर लिहावा तसा. सरकार आम्हाला महाराष्ट्रभर फिरा म्हणतंय आणि घरचे टिटवाळ्याला जा म्हणतायत. वाहकाला आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं, या एका गोष्टीसाठी हे इतके उत्सुक आहेत की परवा उगाचच कल्याणहून मुरबाडपर्यंत जाऊन आले. तिकीट पाकिटात जपून ठेवलं आहे. (हे मुलांना सांगितलं नव्हतं. हेही आज सांगते.)

मुरबाडला जाऊन आल्यापासून माळशेज घाटाचं चाललं आहे. मुरबाड, टोकावडे, आणि पुढे घाट. मी दोनदा शाळेबरोबर गेले आहे, ह्यांनी पाहिलेला नाही. मी पावसाळ्यात ठाम नाही म्हटलं. धुकं असतं, वरून दगड येतात, आणि धबधब्याखाली जी गर्दी असते तिच्यात आमचं काही काम नाही. हे रुसले, पण मानलं. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, मधल्या वारी जायचं. सकाळच्या गाडीने जायचं, घाटमाथ्यावर उतरून तासभर बसायचं, डबा खायचा, आणि उजेड असताना परत फिरायचं.

मुलाचा फोन आलाच. "आई, ठराव?" मी म्हटलं, ठरावाची भाषा पुन्हा वाच. "नेरळच्या पलीकडे" असं आहे. नेरळ कर्जतच्या रेल्वेवर, माळशेज नगरच्या रस्त्यावर. कल्याणला फाटे फुटतात. कुठल्याही नकाशावर माळशेज नेरळच्या पलीकडे येत नाही. तो म्हणाला, "अगं, पलीकडे म्हणजे तेवढ्या अंतराच्या पलीकडे." मी म्हटलं, मग तसं लिहायचं होतं. मराठीच्या बाईशी असल्या गोष्टी मोघम ठेवू नयेत. तो हसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी रजा काढून येऊ का?" ये की. पण आमचा तरुण म्हणून येऊ नकोस, सहलीला ये. तिकीट मात्र तुला पूर्ण पडेल.

चिठ्ठी मी स्वतःच्या अक्षरात लिहिणार आहे, दोन प्रती, एक फ्रिजवर आणि एक शेजारी. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, आकडे अक्षरी. दोन्ही फोन आदल्या रात्री भरलेले, पैकी एक पिशवीत बंद करून. पिशवी माझ्या खांद्याला, माकडं तिथेही आहेत. आणि बदलापूरच्या भाच्याला आधीच कळवते, की बाळा, या वेळी आम्ही तुझ्या बाजूने येतच नाही आहोत, तेव्हा फलाटावर उभा राहू नकोस.